बुरशीची अ‍ॅलर्जी असताना कोकणात घर बांधताय? कुठलं नैसर्गिक साहित्य घ्यावं, कुठलं टाळावं

मातीचं, चुन्याचं, बांबूचं घर बांधायचं मनात आहे आणि घरातल्या कुणाला तरी बुरशीची अ‍ॅलर्जी आहे, अशा लोकांसाठी हे लिहितो आहे. "नैसर्गिक साहित्य वापरलं की घर श्वास घेतं, मग बुरशी येत नाही" असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. सोलापूर-लातूरकडे ते बऱ्याच अंशी खरं आहे. दापोली, राजापूर, सावंतवाडी किंवा पेडण्याला त्यावर विसंबून घर बांधलं, तर पहिल्याच ऑगस्टमध्ये कपाटामागून कुबट वास यायला लागतो.

कारण साधं आहे. बुरशीला ओल लागते आणि खायला काहीतरी सेंद्रिय लागतं. पृष्ठभागाजवळची आर्द्रता काही दिवस सलग ७५-८० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढू लागते. कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवाच आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या वर असते. म्हणजे ओल पूर्णपणे हटवणं आपल्या हातात नाही. हातात उरतं ते खाणं काढून घेणं. म्हणून साहित्याची यादी करताना 'नैसर्गिक की कृत्रिम' हा प्रश्न मागे ठेवा आणि 'खनिज की सेंद्रिय' हा पुढे घ्या. जांभा, काळा दगड, चुना, भाजलेली कौलं ही खनिजं. पेंढा, शेण, बांबू, काथ्या, लाकूड, गूळ, सरस, दुधापासूनचे रंग हे सेंद्रिय. दोन्ही तितकेच नैसर्गिक, पण अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या खोलीत पहिला गट आत यावा आणि दुसरा शक्यतो पडवीतच थांबावा.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे आजोबांचं घर शेणाने सारवलेलं होतं, कुडाच्या भिंती होत्या, तिथे कुठे बुरशी होती? एक तर ती होती, तिला कुणी अ‍ॅलर्जी म्हणत नव्हतं, 'पावसाळ्यात दमा उठतो' म्हणत होते. दुसरं, त्या घरात दिवसभर चूल पेटत असे. धुराने आणि उष्णतेने वासे, कौलं, माळ्यावरचं सगळं कोरडं राहायचं. आपण चूल काढली, गॅस आणला, आंघोळ घराच्या आत आणली, ओले कपडे खोलीत वाळवायला लागलो, आणि भिंती मात्र तशाच ठेवायच्या म्हणतो. चूल परत आणा असं मी सुचवत नाही, दम्याच्या माणसाला धूर बुरशीइतकाच वाईट. पण जुन्या घराचं गणित जुन्या राहणीसकट होतं, हे लक्षात ठेवा.

आधी अ‍ॅलर्जी नक्की कशाची, ते तपासून घ्या

लाखो रुपयांचे निर्णय 'मला ओलीचा त्रास होतो' एवढ्यावर घेऊ नका. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून त्वचेवरची टोचणी-चाचणी किंवा रक्ताची आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी करून घ्या. अल्टरनेरिया ही बुरशी मुख्यतः बाहेरची, शेतातल्या पिकांवर आणि पालापाचोळ्यावर वाढणारी. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम ओल्या घरात सहज आढळतात. अहवालात अल्टरनेरिया ठळक असेल, तर भिंतीइतकंच महत्त्व खिडकीच्या जाळीला आणि अंगणातल्या पाचोळ्याच्या ढिगाला आहे. दुसरी शक्यता अशी की त्रास बुरशीचा नसून धुळीतल्या सूक्ष्म माइट किड्यांचा असतो. त्यांनाही दमट हवाच आवडते, म्हणून लक्षणांची वेळ एकच. तसं निघालं तर गादी-उशी आधी, भिंत नंतर.

दमा असलेल्यांनी एक गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम विचारावी. अ‍ॅस्परजिलसमुळे फुप्फुसात होणारा एबीपीए नावाचा आजार साध्या अ‍ॅलर्जीपेक्षा गंभीर असतो. तो असेल तर बांधकामाच्या जागेवर, विशेषतः जुनं घर पाडताना, त्या माणसाने पाऊलच टाकू नये.

पाणी कुठून येतं ते ठरल्याशिवाय साहित्य निवडू नका

भिंत तीन बाजूंनी ओली होते. खालून जमिनीतलं पाणी चढतं, बाजूने झड मारते, आणि आतल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसते. चौथी बाजू म्हणजे गळकं छप्पर, पण ते सगळ्यांना दिसतं.

जोतं काळ्या दगडात घ्या आणि निदान दोन-अडीच फूट उंच ठेवा. जांभा सच्छिद्र असतो, तो जमिनीला टेकला की वातीसारखं पाणी वर ओढतो. जोत्याच्या माथ्यावर, पहिला चिरा (जांभ्याचा घडीव ठोकळा) बसण्याआधी, ओलरोधक थर हवाच. इथे काही नैसर्गिक-बांधकामवाले नाराज होतात, कारण हा थर बहुधा प्लास्टिकचा, डांबरी किंवा जलरोधक सिमेंटचा असतो. माझं मत स्पष्ट आहे: सगळं घर दगडा-चुन्याचं करा, पण ही एक पट्टी नैसर्गिक असण्याचा हट्ट सोडा.

झडीसाठी उपाय जुनाच, मोठी वळचण. छप्पर भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर यावं आणि पागोळ्या जोत्यापासून दूर, उताराच्या फरसबंदीवर पडाव्यात. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूला पडवी काढली की भिंतीला झड लागतच नाही. झोपायची खोली या दोन बाजूंच्या उघड्या भिंतीला लागून नको. नकाशा काढतानाच हे सांगा, नंतर कुठलाही गिलावा ही चूक भरून काढत नाही.

भिंत: चिरा निवडताना

जांभा हे कोकणातल्या अ‍ॅलर्जीवाल्या घरासाठी चांगलं साहित्य आहे. त्यात बुरशीला खायला काही नाही. पण खाणीखाणीत फरक असतो. भुसभुशीत, पिवळट मातीच्या रेघा असलेला चिरा स्पंजासारखं पाणी धरतो आणि त्यावर धूळ बसली की बुरशीची सोय होते. भारतीय मानक आयएस ३६२० जांभ्याच्या चिऱ्यासाठी पाणी शोषण्याची मर्यादा १२ टक्के ठेवतं. ते घरी मोजता येतं. दोन-तीन खाणींमधून चिऱ्याचा एकेक तुकडा आणा. वजन उतरायचं थांबेपर्यंत कडक उन्हात वाळवा, मग वजन करा. २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून वरचं पाणी पुसा, पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणा. १० किलोचा तुकडा ११ किलो २०० ग्रॅमच्या पुढे गेला, तर ती खाण सोडा. चिरा खाणीतून निघाल्यावर हवेत हळूहळू टणक होतो, म्हणून ओला चिरा थेट भिंतीत न लावता काही आठवडे रचून ठेवावा.

बाहेरून चिरा उघडा ठेवायला हरकत नाही, दिसतोही छान. त्यावर चकचकीत वार्निश मात्र मारू नका. ते पाणी आत कोंडतं आणि भिंत आतल्या बाजूने सुकू पाहते, म्हणजे तुमच्या उशाशी. पाणी झटकणारं पण वाफ जाऊ देणारं सायलेन-सायलोक्सेन जातीचं द्रावण झडीच्या बाजूला चालतं.

उघड्या चिऱ्यावर बाहेरून येणारा काळपटपणा बहुतेक वेळा शेवाळाचा असतो. तो दिसायला वाईट, पण तुमची अ‍ॅलर्जी त्याच्यामुळेच आहे असं समजून घाबरू नका.

मातीची भिंत कुणासाठी?

कच्च्या मातीचा एक गुण खरोखर मोठा आहे. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ ती शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. दिवसभरात आर्द्रता वर-खाली होणाऱ्या प्रदेशात त्यामुळे खोली समतोल राहते. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस आणि मध्ये-मध्ये कडक ऊन अशा मराठवाड्यात मातीची भिंत अ‍ॅलर्जीवाल्यालाही चालते, फक्त मळताना पेंढा आणि शेण कमीत कमी ठेवा आणि आतून चुन्याचा हात द्या. (माळवदाचा मोह मात्र आवरा. मातीच्या जड छपराचा भार काय करतो ते १९९३च्या किल्लारी भूकंपात दिसलं आहे.)

कोकणात ही देवाणघेवाण अडकते. जूनमध्ये माती वाफ शोषून घेते, पण ती सोडायला कोरडी हवाच महिनोन् महिने मिळत नाही. भरलेली माती तशीच राहते आणि तिच्यात पेंढा, भाताचा तूस किंवा शेण असेल तर बुरशी तिथूनच सुरू होते. मातीचंच घर हवं असेल तर दाबून केलेल्या स्थिरीकृत मातीच्या विटा बघा. त्यात साधारण ५ टक्के सिमेंट असतं, तंतू नसतात. तमिळनाडूतल्या ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूटने या तंत्रावर बरीच वर्षं काम केलं आहे. कुडाची भिंत, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती, अ‍ॅलर्जीवाल्याच्या राहत्या खोलीला नको. गोठ्याला, कोठाराला खुशाल करा.

भांगेच्या तंतूंचा गिलावा हा सध्याचा आवडता विषय आहे. वेरूळच्या लेण्यांमधल्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडले, आणि त्यामुळे तो किडीपासून वाचला असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलं गेलं. ते खरं धरलं तरी तो मुद्दा किड्यांचा आहे, बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा नाही, आणि वेरूळ रत्नागिरीत नाही.

गिलावा: इथे वेळ आणि पैसा खर्च करा

अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने घरातला सगळ्यात महत्त्वाचा थर म्हणजे आतला गिलावा. तुमच्या श्वासाच्या सगळ्यात जवळ तोच असतो. यासाठी चुन्याला तोड नाही. ताज्या चुन्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) १२च्या वर, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात बुरशी तग धरत नाही. शिवाय चुना वाफेला वाट देतो, त्यामुळे चिऱ्यात शिरलेलं पाणी मागे कोंडून पोपडे सुटत नाहीत.

पण एक गोष्ट चुना विकणारे सांगत नाहीत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होत जातो आणि त्याचा पीएच ८-९ पर्यंत उतरतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा गिलावा बुरशी मारत नाही, तिला फक्त खायला देत नाही. मारण्याची ताकद परत हवी असेल तर दरवर्षी चुन्याचा नवा हात द्यावा लागतो. दिवाळीआधी घराला चुना काढायची पद्धत होती, ती सोडल्यावर भिंती काळवंडायला लागल्या यात नवल नाही. अ‍ॅलर्जीवाल्या घरात मी दिवाळीऐवजी एप्रिल-मे सुचवेन, म्हणजे पाऊस सुरू होताना भिंतीवर ताजा थर असेल.

कुठला चुना? आयएस ७१२ या मानकात चुन्याचे वर्ग दिले आहेत. त्यातला 'सी' वर्ग म्हणजे शुद्ध चुना, शेवटच्या थरांसाठी. पायाजवळच्या किंवा सतत ओल लागणाऱ्या भागात 'ए' किंवा 'बी' वर्गाचा, पाण्यातही घट्ट होणारा चुना घ्यावा. कळीचा (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) चुना विकत घेताना खडे आवाज करून फुटतात का, गरम होतात का, ते बादलीभर पाण्यात एक खडा टाकून बघा. थंड राहिला तर तो हवेत आधीच मेला आहे. गोवा-सिंधुदुर्गाकडे शिंपल्यांचा चुना मिळाला तर तोही उत्तम, फक्त नीट धुतलेल्या शिंपल्यांचा आहे का, खारट नाही ना, एवढी चौकशी करा. विरवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. लगदा निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या.

आता वादाचा मुद्दा. जुन्या पद्धतीचे कारागीर चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घालतात. त्याने गिलावा चिवट होतो आणि पाण्याला दाद देत नाही, हे अनुभवाचं शहाणपण आहे. बाहेरच्या भिंतीला तसंच करू द्या. झोपायच्या खोलीच्या आतल्या शेवटच्या दोन थरांत मात्र काहीही गोडधोड नको. चुना ताजा असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही, पण पीएच उतरल्यावर तो उरलेला अंश दमट कोपऱ्यात बुरशीला मिळतो. चुना काढताना त्यात तांदळाची खळ किंवा सरस घालण्याची सवय असते, तीही याच कारणाने बंद. नुसता चुना हाताला लागतो, कपड्याला लागतो. पातळ तीन-चार हात दिले आणि प्रत्येक हाताआधी भिंत ओलसर केली की बरंच कमी लागतो.

वाळूकडे डोळ्यात तेल घालून बघा. खाडीची वाळू खारट असते. मिठाचा स्वभाव असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसंच खारट वाळूची भिंत पाझरते, कुठूनही गळत नसताना. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुतलेली नदीची वाळू घ्या, नाहीतर दगडाची कृत्रिम वाळू.

थर साधारण ८ ते १० मिलिमीटरचे, दोन थरांत आठवडाभराचं तरी अंतर, आणि पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा हलकं पाणी शिंपडणं. सिमेंटसारखी घाई चालत नाही. गवंडी "एका दिवसात खोली करून देतो" म्हणाला तर त्याने चुन्यात काम केलेलं नाही.

जिप्सम हेही खनिज, नैसर्गिक, आणि गुळगुळीत दिसतं. कोकणात बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला ते लावू नका, ओलीने मऊ पडतं. जिप्समच्या तयार बोर्डांवर कागद असतो, आणि भिजलेला कागद हे काळ्या बुरशीचं आवडतं ठिकाण.

रंग

चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक इमल्शन मारलं की वरचा सगळा खर्च वाया. रंगाची पातळ फिल्म वाफ अडवते, मागे ओल साचते, रंग फुगतो. चुना किंवा पोटॅशियम सिलिकेटचे खनिज रंग घ्या. दुधातल्या केसिनचे रंग 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकले जातात. कोरड्या प्रदेशात सुंदर दिसतात, इथे ते प्रथिनांचा थर आहेत. शेणापासून केलेला प्राकृतिक पेंट खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२१ मध्ये बाजारात आणला. त्याच्या गुणांमध्ये बुरशीरोधकही सांगितलं आहे. वापरायचा असेल तर पुढे दिलेल्या डब्याच्या चाचणीतून काढा आणि मग ठरवा. हाच नियम कुठल्याही कंपनीच्या 'अँटी-फंगल' रंगाला.

जमीन

शेणाने सारवलेली जमीन अ‍ॅलर्जीवाल्या घरात नको. हे लिहिताना वाईट वाटतं, पण दर आठ-दहा दिवसांनी ओलं सेंद्रिय आवरण आणि मध्ये त्याची धूळ, याचा दुसरा अर्थ निघत नाही. दगडाची सोलिंग, त्यावर खडीचा जाड थर, ओलरोधक थर, मग कोबा किंवा फरशी. शहाबादी, कोटा, कडाप्पा, लाल कोबा, सगळं चालतं. सांधे नीट भरलेले असावेत, बास.

मेअखेर-जूनमध्ये जमिनीला घाम सुटतो, तेव्हा लोक 'खालून पाणी येतंय' म्हणून घाबरतात. दोन फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला आले तर ओल जमिनीतली. वरच्या बाजूला आले तर दमट हवा थंड फरशीवर बसते आहे. हीच चाचणी भिंतीवरही चालते, आणि फर्निचर आत आणण्यापूर्वी ती करायचीच.

छप्पर, लाकूड, बांबू

गवताचं, झापांचं छप्पर राहत्या घराला नको. मंगलोरी कौलं उत्तम. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात त्यांचा कारखाना सुरू केला आणि पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्याने ती उचलली, ते उगाच नाही. दरवर्षी पावसाआधी शाकारणी करून फुटकी कौलं बदला. माळ्यावर अडगळ साठवू नका. जुनी पुस्तकं, गोधड्या, पोती हे सगळं वरून खाली बीजाणू गाळत राहतं.

लाकडात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असेल तर त्यावर बुरशी वाढत नाही. सुतारकामाचं लाकूड १२ ते १५ टक्क्यांवर घ्या, ओलावा मोजायचं छोटं यंत्र बाजारात मिळतं, वखारीत घेऊन जा आणि मालकाच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करा. गाभ्याचं लाकूड घ्या, सालीजवळच्या पांढरट भागात साखर असते. साग, फणस, ऐन ठीक. आंब्याच्या फळ्या स्वस्त पडतात, पण पावसाळ्यात सगळ्यात आधी त्यांनाच बुरा येतो. लाकडाला कच्चं जवसाचं तेल लावू नका, ते स्वतःच बुरशीचं अन्न आहे. काजूच्या टरफलांचं तेल कोकणात वाशांना लावतात. वाळवीला ते चांगलं, पण कातडीला फोड येतात, म्हणून फक्त बाहेर आणि मोजे घालून.

बांबूच्या पोटात पिठूळ द्रव्य असतं, म्हणूनच त्याला भुंगा आणि बुरशी दोन्ही पटकन लागतात. हिवाळ्यात तोडलेला, वाहत्या पाण्यात काही आठवडे ठेवून पीठ उतरवलेला, मग बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या साधारण ५ टक्के द्रावणात मुरवलेला बांबू पडवीच्या खांबांना, जाळीला, कुंपणाला वापरा. अ‍ॅलर्जीवाल्याच्या खोलीत बांबूची चटई-भिंत किंवा छत नको. प्रक्रिया केली तरी त्याच्या विणीत धूळ बसते, ती पुसता येत नाही, आणि ओली धूळ हीच मग बुरशीची जमीन होते.

डब्याची चाचणी

कुणाच्याही शब्दावर विसंबण्यापेक्षा हे करा. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी दोन बोटं पाणी, त्यावर उलटे वाडगे आणि जाळी. जाळीवर तळहाताएवढे नमुने ठेवा: उघडा चिरा, साध्या चुन्याचा गिलावा, गूळ घातलेला गिलावा, पेंढ्याची माती, प्रक्रिया केलेला बांबू, प्लायवूड, रंगाचे नमुने. प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर घरातली थोडी धूळ भुरभुरवा, कारण खऱ्या घरात धूळ असतेच. झाकण लावून सावलीत चार आठवडे. चुन्याचा नमुना काही महिने जुना घ्या, ताजा चुना हमखास पास होईल आणि तुमची फसवणूक होईल. डबा अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाने, एन-९५ मास्क लावून, अंगणात उघडायचा.

नमुन्यावर पांढरं काही दिसलं तर पाण्याचा फवारा मारा. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे क्षार. चिकट होऊन पसरलं तर बुरशी.

कामाचं वेळापत्रक

चिरेकाम दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीत संपवा. छप्पर लगेच. गिलावा फेब्रुवारीअखेर पूर्ण. मार्च-एप्रिल-मे खिडक्या-दारं उघडी ठेवून घर नुसतं सुकू द्या. या तीन महिन्यांत मालकाला घाई होते, गृहप्रवेशाचा मुहूर्त निघतो आणि ओल्या भिंतीला कपाटं टेकतात. सुतारकाम मेमध्ये, प्लास्टिकची चाचणी पार झाल्यावर. जमलं तर अ‍ॅलर्जीवाल्याने पहिला पावसाळा जाऊ द्यावा आणि ऑक्टोबरात राहायला यावं.

मजुरांच्या भाषेत, आधी सांगून आणि लिहून द्यायच्या गोष्टी एवढ्याच: वाळू धुतलेली, आतल्या थरात गूळ नाही, रंगात सरस नाही, चिरे साठवताना झाकलेले, पोती आणि पेंढा घराच्या आत साठवायचा नाही.

एक खोली वेगळी

शेवटी एक तडजोड सुचवतो, शुद्धतावाद्यांना ती आवडणार नाही. जुलैत खिडकी उघडून हवा कोरडी होत नाही, बाहेरचीच हवा ओली असते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्के ठेवायला सांगते. कोकणातल्या पावसाळ्यात नुसत्या साहित्याच्या जोरावर हा आकडा गाठता येत नाही. म्हणून झोपायची एक खोली अशी बांधा की ती घट्ट बंद करता येईल. कौलांखाली फायबर सिमेंटच्या बोर्डाचं छत, दाराला खाली रबरी पट्टी, आत आर्द्रता काढणारं यंत्र, त्याच्या पाण्याची नळी बाहेर. चुन्याच्या भिंती तिथेही असूद्या. कौलांच्या फटींतून वारा खेळत असेल तर यंत्र अख्खं कोकण कोरडं करायचा प्रयत्न करत बसतं आणि विजेचं बिल तेवढं वाढतं.

आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. त्याची पारख करायची तर झाकणात मिठाचा ओलसर लगदा आणि मापक एकाच बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. जितका फरक तितका पुढे मनात वजा-अधिक करा. मापक खोलीच्या मधोमध न ठेवता कपाटामागे, पलंगाखाली, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आळीपाळीने ठेवा. कपाटं भिंतीपासून तीन इंच पुढे, आणि त्यांच्या पाठीलाही रंग.

हवेतले बीजाणू मोजून देणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही बुरशीची अमुक पातळी सुरक्षित असा आकडा दिलेला नाही, ओल रोखा एवढंच सांगितलं आहे. आणि कुठे डाग दिसलाच तर कोरड्या ब्रशने घासायचं नाही, नुसतं ब्लीच मारून सोडायचं नाही, मेलेले बीजाणूही अ‍ॅलर्जी देतात. साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून फडकं फेकून द्या, भिंत सुकवा, मग त्या जागेवर चुन्याचे दोन हात. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं, आणि त्या दिवशी अ‍ॅलर्जीवाल्याने शेजाऱ्यांकडे जेवायला जायचं.